कणगीतला बोका

गुरुवारपर्यंत तो बोका कोंडून ठेवला तर हाजी हिफनीला काय काय मिळणार होतं, ते आधी मांडते. कबुतरखान्यात उरलेली पिल्लं वाचणार होती. ती वाचली की धाकट्या लेकीच्या, इन्साफच्या, गुरुवारच्या लग्नानंतरच्या सकाळी व्याह्यांकडे जाणारी भरल्या कबुतरांची परात घरचीच होणार होती. परात घरची झाली की कालव्यापलीकडच्या विहीणबाईंचं तोंड निदान पहिल्या बाळंतपणापर्यंत बंद राहणार होतं. आणि सगळ्यात गोड नफा म्हणजे सून सनिया, जी मांजरांना माशांची डोकी चारते आणि सासऱ्याला अक्कल, ती एकदाची हरणार होती. खर्चाच्या बाजूला होतं फक्त बशीभर दूध. तेही कालचं. हाजी माझा शेजारी, आमची भिंत एक. त्याने ताजं दूध कुणाला दिलेलं मी आजवर पाहिलेलं नव्हतं.

बोक्याला मारण्याचा तर प्रश्नच नव्हता. आमच्या डोंगराखालच्या गावात जुळ्यांच्या घरातल्या मांजरावर कुणी हात उगारत नाही. जुळ्यातलं मूल अर्धपोटी झोपलं की त्याचा जीव मांजर होऊन हिंडायला जातो. मांजराला काठी बसली तर वळ मुलाच्या पाठीवर उठतो. हे टाळायचं तर जन्मल्याबरोबर दोघांच्या जिभेवर उंटिणीच्या दुधाचा थेंब द्यावा लागतो. सनियाला बद्री आणि कमर झाले, तेव्हा सुईण गमालात हाजीला म्हणाली होती, "उंटवाल्यांच्या तळावर जा, दूध घेऊन ये." हाजी म्हणाला, "दूध ते दूध. शेळीने काय पाप केलंय?" शेळी दारात होती आणि उंट वाळवंटात. शेळीचं दूध चालवून घेतलं गेलं, आणि मुलं हिंडायला लागली.

मी हे मानायचे की नाही, ते विचारू नका. मी हिशेबी बाई आहे, दिसेल तेवढंच धरते. दिसायचं ते असं. जर्दाळूच्या रंगाचा, डावा कान फाटलेला एक बोका होता, मिशमिश. बद्री झोपला की मिशमिश उठायचा. बद्री जागा असला की मिशमिश कुठे असतो, हे भिंतीवरून मान लांब करूनही मला कधी सापडलं नाही. कमरचं मांजर कोणतं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ती पोरगी पोटभर जेवायची.

बद्रीचा बाप कुवेतमध्ये गवंडीकाम करतो. घरात पुरुष म्हणून हाजी, आणि पहारेकरी म्हणून मिशमिश. पहारा लागतोच. बूट झटकून घालायचे, गोधडी झटकून पांघरायची, बाजेचे पाय पाण्याच्या डब्यांत ठेवायचे, सरपणात हात घालायच्या आधी काठी फिरवायची, हे आमच्याकडे पोरं चालायच्या आधी शिकतात. तरीही विंचू घरात येतोच. आणि तो आला की मिशमिश कामाला बसायचा. धावायचा नाही. सोयरिकीच्या बैठकीत मुलीकडचा म्हातारा बसतो तसा समोर बसून राहायचा, डोळे अर्धे मिटून, आपल्याला काही पडलेलं नाही असा. विंचू नांगी उगारून कंटाळला, वळला, की एक चापट. मग दुसरी. मग आधी नांगी तोडायची. बाकीचा विंचू पोटात गेला तर गेला, पण नांगी नेमाने उंबऱ्यावर आणून ठेवायची. सनिया ती झाडूने गोळा करून मातीच्या मडक्यात टाकायची.

"कशाला साठवतेस गं हे?" मी एकदा विचारलं.

"बाबा विचारतात ना, मांजराला फुकट का पोसतेस म्हणून. एक दिवस मडकं त्यांच्यापुढे ओतणार आहे."

मंगळवारी सकाळी हाजी मूठभर पिसं घेऊन अंगणात आला.

"आणखी दोन गेली! ही बघ, तुझ्या लाडक्याची न्याहारी."

सनिया भांडी घासत होती. तिने मान वर केली नाही. "मिशमिशच कशावरून, बाबा? घोरपड असेल."

"घोरपडीला मिशा असतात का? त्याच्या मिशीला पीस चिकटलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं."

"मग काल पोराला पोटभर जेवू द्यायचं होतं. दुसरं अंडं कशाला म्हणून तुम्हीच ताटातून काढलंत."

भिंतीवर कोपर टेकून मी हसले. हाजी माझ्याकडे वळला. "तुला काय झालं गं, उम्म रिहाब?"

"काही नाही, हाजी. हिशेब लावतेय. अंडं वाचवलं आजोबांनी, कबुतर खाल्लं नातवाने, आणि बोलणी खातोय बोका."

"तू आपली कणीक बघ."

"बघतेय की. उन्हात ठेवलीय. फुगतेय, तुमच्यासारखीच."

पुढचं मला नंतर कळलं, पण घडलं त्या क्रमानेच सांगते. दुपारी जेवणं झाली, पोरं आतल्या खोलीत झोपली. मिशमिश नेहमीप्रमाणे कुठूनतरी उगवला. तो सहसा कुणाच्या हाती लागत नसे. पण हाजीच्या हातात बशी, ती आपल्यासाठी, हे पाहून त्या आश्चर्यानेच बहुधा थांबला असावा. अंगणाच्या कोपऱ्यात, ओट्याजवळ, दगडांवर ठेवलेली मातीची कणगी होती, छातीइतकी उंच, त्या वेळी रिकामी. हाजीने बशी आत सोडली, मागोमाग बोका सोडला, वर मातीचं झाकण ठेवलं आणि झाकणावर दगड. धान्य काढायच्या खालच्या भोकातला बोळा मात्र त्याने काढून ठेवला, वारा जावा म्हणून. इतका तो देवाला भिऊन होता. मारलं का? नाही. हाकललं का? नाही. उलट पाहुणचार केला. गावाच्या नियमाला त्याने अशी वाट काढली आणि समाधानाने हुक्का पेटवला.

आमच्याकडे पाऊस हा ऋतू नसतो, बातमी असते. कित्येक वर्षं ती येतच नाही. त्या दुपारी डोंगराच्या पाठीमागून आभाळ चढलं, आधी पिवळं, मग पिकल्या खजुरासारखं काळपट. वारा थांबला. गाढवं एकदम गप्प झाली. मग गारा सुरू झाल्या. माझ्या घराचं छत काड्यांचं, म्हणून कणकीच्या फळ्या डोक्यावर घेऊन मी हाजीच्या ओसरीत पळाले. तिथे इन्साफ ओट्यावर बसली होती, हातापायांना ओली मेंदी, आणि गमालात तिच्याशेजारी मेंदीची वाटी धरून. नवरीला ना काही धरता येत होतं, ना पाय टेकता.

"मावशी, पाणी आलं! पाणी आलं!" ती ओरडली.

"तुला पाण्याचं काय पडलंय," गमालात म्हणाली. "भिंतीकडे बघ."

मी भिंतीकडे पाहिलं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, म्हणतात. त्या दुपारी साऱ्या डोंगराची बिऱ्हाडं एकदम हलली होती. भिंतीच्या भेगांतून, छताच्या ओंडक्यांतून, उंबऱ्याखालून ते येत होते, वाळल्या गवताच्या रंगाचे, पाण्याने चकाकणारे. वरून ओलं झालेलं छत त्यांना टाकत होतं, खालून डोंगराचं पाणी ढकलत होतं. मी पायातली चप्पल काढून मारत सुटले. आणि मग ओट्याच्या कडेने एक विंचवीण येताना दिसली. पाठभर पांढरी पिल्लं घेऊन ती चालली होती, जराही घाई न करता, पोरंबाळं घेऊन लग्नाला निघालेल्या बाईसारखी. माझी चप्पल वर होती. ती खाली आलीच नाही. ती बाई आपल्या वाटेने गेली. हे लोक आमच्या आधीपासून इथे राहतात, असं काहीतरी मला तेव्हा वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

आतून सनियाची हाक आली. तशी हाक मी कधी ऐकली नव्हती.

आम्ही खोलीत गेलो. कमर जागी होऊन रडत होती, तिला सनियाने कडेवर घेतलं होतं. बाजेवर बद्री झोपला होता. गारांचा एवढा आवाज, बहिणीचं रडणं, आईची हाक, आणि पोराची पापणीही हलत नव्हती. श्वास चालू होता, पण सावकाश. एक श्वास झाला की दुसरा येतो की नाही, याची वाट बघावी लागत होती.

"बद्री! अरे राजा, ऊठ ना रे!" सनियाने कमरला माझ्याकडे दिलं आणि त्याला उचलायला वाकली.

"हात लावू नकोस!" गमालात दारातून कडाडली. सत्तरी ओलांडलेल्या बाईत एवढा आवाज असेल असं वाटलं नव्हतं.

"मावशी, त्याला विंचू डसलाय!"

"डसला असता तर घर डोक्यावर घेतलं असतं त्याने. घाम कुठेय? लाळ कुठेय? ओठ बघ, कोरडे आहेत. डसलेलं पोर असं झोपत नाही. हा बाहेर गेलाय. जिथे अंग ठेवून गेलाय तिथून ते हलवलंस तर परत येऊन शिरेल कुठे? एक बोटसुद्धा हलवू नकोस." ती थांबली. "मिशमिश कुठेय?"

सनिया दारात जाऊन हाका मारू लागली. मिशमिश! मिशमिश! पाऊस तिचा आवाज तोंडातच बुडवत होता. मी हाजीकडे पाहिलं. माणसं बघण्यात माझी उमर गेली आहे. व्यवहारात बुडालेला माणूस कसा दिसतो ते मला कळतं. तो आधी हातांकडे बघतो.

"येईल," हाजी म्हणाला. "पावसात कुठेतरी आडोशाला..."

"हिफनी," गमालात म्हणाली. तिने हाजी म्हटलं नाही. "बोका कुठेय?"

"मी मारलं नाही त्याला."

"ते विचारलंच नाही मी."

"दूध दिलं. बशीभर. फक्त गुरुवारपर्यंत... कणगीत..."

सनिया दारातून वळली. तिच्या तोंडातून शिवी आली असती तर बरं झालं असतं. "कोंडलंत?" एवढंच ती म्हणाली. "बाबा, माझं पोर कोंडलंत?"

 

हाजी अनवाणी अंगणात उतरला. पाणी घोट्याच्या वर आलं होतं आणि त्यात काटक्यांबरोबर आणखी काय काय वाहत होतं ते आम्हाला ओसरीतून दिसत होतं. तो जाता जाता मोठ्याने बोलत होता. आम्ही सगळ्यांनी ऐकलं: "देवा, पोराने डोळे उघडले तर कबुतरखाना त्या बोक्याचा. एकही पिल्लू कापणार नाही. ऐकलंस ना?" त्याने दगड ढकलला. झाकणाच्या कडेखाली हात घातला. आणि त्याचं सगळं अंग एकदा ताठ झालं.

झाकणाखाली, कोरड्या जागी, एकजण आधीच आसऱ्याला बसला होता.

डंख बसला की हात मागे येतो, तो माणसाच्या हातात नसतो. हाजीचा हात मागे आला असता तर ते झाकण धपकन परत बसलं असतं. मशिदीच्या वर्गणीचं ताट आलं की हात मागे घेण्यात हाजीचा हात गावात कुणी धरला नसता. पण त्या दिवशी त्याने तो मागे घेतला नाही. विंचू बोटाला लटकलेला असताना त्याने झाकण उचललं, बाजूला टाकलं, आणि मगच हात झटकला. तोंडातून आवाज नाही.

मिशमिश कणगीच्या काठावर आला. पाठीवर गव्हाचं भुसकट. त्याने हाजीकडे पाहिलं नाही, पाण्याकडे पाहिलं नाही. काठावरून ओट्यावर, ओट्यावरून ओसरीत, आमच्या पायांमधून सरळ खोलीत. मांजर भिजलं की आधी अंग झटकतं. याने झटकलं नाही. बाजेवर चढला आणि बद्रीच्या डोक्याशी बसला. डोळे अर्धे मिटलेले.

सनिया पुढे सरणार, तेवढ्यात गमालातने तिचं मनगट धरलं. आम्हाला कळलं होतं. तो बसला होता तसा तो कामावरच बसायचा.

किती वेळ गेला सांगता येत नाही. छतातून पाणी गळत होतं, थेंब कुठे पडतो तेही ऐकू येत होतं. कमरने माझ्या मानेत तोंड खुपसलं. मिशमिशचा पंजा वर गेला, बद्रीच्या कानामागून, मान आणि उशी यांच्यामधल्या फटीतून, इतका हळू की जणू झोपलेल्याच्या खिशातून कुणी काही काढतंय. आणि मग एका झटक्यात तो बाहेर आला. जमिनीवर पडला तो पिवळा, लांब, बारीक नांगीचा. आमच्याकडे त्याला नाव घेऊन हाक मारत नाहीत. लहान मुलाला तो दवाखान्याचं दार दाखवत नाही, थेट कबरस्तानाचं दाखवतो.

तो मानेशी बसला होता. कधीपासून, देव जाणे. बद्री कूस वळला असता तर. दचकून उठला असता तर. आईने उचलला असता तर. तो कूस वळला नाही, कारण तो तिथे नव्हताच, असं गमालात म्हणते. 

जमिनीवर काम लवकर संपलं. एक चापट, दुसरी, नांगी. मिशमिशने ती तोंडात धरली, उंबऱ्यावर नेऊन ठेवली आणि पावसाकडे तोंड करून बसला.

बद्रीने नाक चोळलं. डोळे उघडले. सनियाने त्याला असं उराशी धरलं की तो रागावलाच. तिच्या खांद्यावरून त्याने दारात उभ्या आजोबांकडे पाहिलं. हाजी डाव्या हाताने उजवं मनगट आवळून उभा होता, चेहरा राखेसारखा.

"अंधार होता तिथे," बद्री कुरकुरला. "आणि दूध आंबट होतं."

हाजी खाली बसला. 

मी लगेच हिशेब मांडला. दूध दिल्याचं हाजी आत्ताच बोलला होता, पोराने झोपेत ऐकलं असेल. पण आंबट? ते हाजी बोलला नव्हता. ते त्याने स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं. मी अंगणातून जाऊन कणगीत वाकून बशी काढली आणि बोट लावून जिभेवर ठेवलं. पावसाचं पाणी पडून पातळ झालं होतं, तरी आंबट होतं.

चार जणांनी हाजीला होडीत घालून नदीपलीकडच्या दवाखान्यात नेलं. रात्रभर तो तिथे ओरडला म्हणतात, सगळी बाकी एकदम. विषावरची लस टोचली, जीव वाचला. बुधवारी संध्याकाळी तो परत आला तो सरळ घरी आला नाही. सुजलेला हात गळ्यात बांधून आधी उंटवाल्यांच्या तळावर गेला, आणि हातात दुधाचा डबा घेऊन दारात उभा राहिला. उंटिणीचं. ताजं. डबा अजून कोमट होता.

"चार वर्षं उशीर झाला," तो म्हणाला. "दे पोरांना."

सनियाने डबा घेतला. "मावशी, हे पाजलं की तो जायचा थांबेल?"

"थांबेल," गमालात म्हणाली.

"आणि मिशमिश?"

गमालातने मिशमिशकडे वळून पाहिलं. "एवढी बाळंतपणं केली, हे मला कुणी विचारलं नव्हतं."

सनियाने उंबऱ्याकडे पाहिलं. पाऊस थांबून दिवस झाला होता, तरी तिथे नांग्यांची रांग होती. त्या तिने अजून उचलल्या नव्हत्या. ती आत गेली, तीच बशी धुऊन आणली, आणि अर्धा डबा त्यात ओतून मिशमिशपुढे ठेवली. उरलेलं पाहुण्यांच्या खिरीच्या पातेल्यात. पोरांना एक थेंबही नाही.

"अगं!" हाजी कळवळला. "एवढ्या लांबून आणलं! या हाताने!"

"बाबा, ताजं आहे ना? मग या वेळी त्याला ताजं मिळू दे."

मिशमिशने बशी चाटूनपुसून साफ केली. आत बद्री झोपला होता. मी मुद्दाम जाऊन बघून आले.

नवस बोलून झाला होता, म्हणून कबुतरखान्यातलं एकही पाखरू कापायचं नव्हतं. परातीचं काय, यावर घरात खल चालला होता. मी भिंतीवरून ऐकत होते आणि गप्प होते. तेवढ्यात बद्री डोळे चोळत अंगणात आला. मी त्याला जवळ बोलावलं.

"काय रे, काल दूध आंबट होतं हे तुला कसं कळलं?"

त्याने त्या प्रश्नाकडे लक्षच दिलं नाही. माझ्याकडे बघत म्हणाला, "मावशी, तुझ्या टोपलीखालची पांढरी मोठी झाली का गं?"

माझ्या छताला शिडी आहे, ती मी वर ओढून घेते. छतावर पालथी टोपली आहे, तिच्यावर पोतं आहे. त्याखाली माझी पांढरी कबुतरं होती, हाजीच्या नजरेला पडू नयेत म्हणून तिथे ठेवलेली. कारण हाजीची नजर पडली की उसनं मागितलं जातं, आणि त्याचं उसनं परत येत नाही. ती टोपली माझ्या लेकीला, रिहाबलासुद्धा माहीत नव्हती. छतावरून जाणाऱ्याशिवाय कुणाला दिसायची सोय नव्हती.

गुरुवारी मी टोपली रिकामी केली. कुणी मागितलं नव्हतं.

तर बेरीज अशी झाली. इन्साफची परात कालव्यापलीकडे गेली, कोवळ्या भाजक्या गव्हाने भरलेल्या, तुपात परतलेल्या कबुतरांची. विहीणबाईंना बोलायला जागा उरली नाही. तरी त्या बोलल्याच. सनियाला मुलगा मिळाला, बद्रीला दुपारची मोकळीक, मिशमिशला कबुतरखाना. हाजीला मिळाला नातू, आणि त्यापायी उजव्या हाताचं एक बोट गेलं. आहे जागेवर, पण वाकत नाही. वर्गणीचं ताट आलं की आता ते एकटंच पुढे राहतं, आणि हाजी लाजून काहीतरी टाकतो. स्वस्तात सुटलो, असं तोच म्हणतो. आणि उरलेली सगळी भरपाई केली माझ्या पांढऱ्या कबुतरांनी. टोपली अजून छतावर पालथीच आहे. दुपारी तिच्यावर जर्दाळूच्या रंगाचं काहीतरी झोपलेलं असतं, माझ्या उंबऱ्यावर सकाळी एखादी नांगी असते, आणि हाजीकडून यायची ती कबुतरं मी अजून मागितलेली नाहीत.